दोन पराती आणि एक नाक

छुसॉकच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, आदल्या दिवशी उजाडताच बुनीमने धाकट्या मुलाला शिडीवर चढवलं आणि वळचणीच्या लसणाच्या माळा उतरवायला लावल्या.

"आई, एकशे चाळीस माळा आहेत," तेशिक वरून म्हणाला. "पितरांना काय कळणार लसूण समोर आहे की मागे?"

"तुझ्या बापाला चार बांध पलीकडून कळायचं कुणाच्या लसणाला कीड लागलीय ते. उतरव मुकाट्याने."

दरवर्षीचंच होतं हे. कोरियाच्या दक्षिण टोकाला, गोहुंगच्या या किनाऱ्यावर तीन पिढ्या या घराने लसूण पिकवला, लसूण विकला, मुलांची शिक्षणं लसणावर केली. पण पितरांच्या ताटाला लसूण चालत नाही आणि लाल मिरचीही चालत नाही. वास आला की ते उंबऱ्यावरून मागे फिरतात. म्हणून सणाच्या आदल्या दिवशी सगळ्या माळा मागच्या गोठ्यात जायच्या. बुनीमचा नवरा हयात असताना स्वतः शिडीवर चढायचा आणि म्हणायचा, "मी काही मेल्यावर लसणाला घाबरणार नाही. पण आमचे बाबा घाबरत असतील तर उगीच त्यांना त्रास नको." आता सहा वर्षं तोही त्याच बाजूला जाऊन बसला होता, आणि घाबरतो की नाही हे विचारायची सोय उरली नव्हती.

यंदा मात्र एकही चूक परवडणारी नव्हती. तीन दिवसांपूर्वी थोरल्या ग्वांसूचा सोलहून फोन आला होता.

"आई, आत्या या वर्षी ताट बघून ठरवणार आहे. तिच्या मनासारखं झालं तर राहू दे तिकडेच. नाहीतर पुढच्या वर्षीपासून पितरांचं आमच्याकडे करू. इथे तयार ताट मिळतं. सत्तावीस पदार्थ, डब्यांत. झाकणं काढायची आणि मांडायचं."

"आणि मी काय करायचं?"

"तू ये ना. बसची सीट आम्ही काढून देऊ."

बुनीम "बरं" म्हणाली होती. फोन ठेवून तिने ओसरीवरून अंगण पाहिलं. सणाला दोन दिवस इथे पाय ठेवायला जागा नसते. पितर सोलला गेले की सण त्यांच्या मागोमाग जाणार, आणि मग ही ओसरी वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस सारखीच दिसणार. तिला ते नको होतं. तोंडाने तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

आणखीही एक गोष्ट तिने सांगितली नव्हती. गेल्याच्या गेल्या थंडीत ताप येऊन गेला तेव्हापासून तिच्या नाकाला कसलाच वास येत नव्हता. कशाचाही नाही. तिळाचं तेल आणि चुलीचा धूर तिला सारखेच. गेल्या वर्षीचा सण तिने डोळ्यांवर आणि नशिबावर रेटून नेला होता.

हे कळलं होतं एकटीला, आणि तिला ते बोलून दाखवता येत नव्हतं. ती म्हणजे विहीणबाई सेन. थुईची, म्हणजे धाकट्या सुनेची आई. लसणाच्या हंगामाला मदत करायला मुलीने तिला व्हिएतनामहून बोलावून घेतलं होतं, त्याला आता सात महिने होत आले. पहिल्याच महिन्यात बुनीम बसली होती लसूण सोलत आणि शेजारी शेंगदाण्याएवढे काळे दाणे पातेल्यात जळत होते. सेन अंगणातून धावत आली, पातेलं उतरवलं, जळलेल्या दाण्यांकडे बघितलं, बुनीमकडे बघितलं, आणि हलकेच तिच्या नाकाच्या शेंड्याला बोट लावलं. बुनीमने आपलं बोट ओठांवर ठेवलं. झालं, दोघींचा करार झाला. तेव्हापासून बुनीम कुठलीही वस्तू शिजली की भुवया उंचवायची, सेन हुंगायची आणि मान हलवायची. उभी हलली की ठीक, आडवी हलली की उतरव. घरात कुणालाही पत्ता नव्हता. थुई एकदा म्हणाली होती, "तुमच्या दोघींचं एवढं काय चाललेलं असतं हो? भाषा तर एक शब्द नाही."

"विहिणींना भाषा कशाला लागते," बुनीम म्हणाली होती. "माझ्या आईचं आणि तुझ्या आजेसासूचं एकाच भाषेत भांडण व्हायचं."

फक्त सणानंतर सहाव्या दिवशी सेनचं विमान होतं. त्याचा विचार बुनीम करत नव्हती.

*

स्वयंपाकघराशेजारच्या मोठ्या खोलीत दोन चटया घातल्या होत्या. खिडकीकडची पितरांची, दाराकडची जिवंतांची. पितरांच्या चटईवर मासे, कोंबांच्या भाज्या, टोफू, आणि अंड्यात घोळवून तळायच्या मांसाच्या टिक्क्या. जिवंतांच्या चटईवर ज्याला जे खावंसं वाटेल ते. कारण पितरांचं अन्न पितरांच्या आधी कुणी चाखायचं नाही, मिठाचा अंदाजसुद्धा जिभेवर घ्यायचा नाही, आणि दिवसभर तळण काढणाऱ्या बायकांना भूक तर लागतेच.

यंदा जिवंतांच्या चटईवर सेनच्या सुरळ्या होणार होत्या. तांदळाची पातळ पापडी पाण्यात भिजवायची, तिच्यात खिमा भरायचा, गुंडाळायची आणि तळायची. टिक्क्यांचा आणि सुरळ्यांचा खिमा जवळपास एकच, हे या दोघींनी उन्हाळ्यातच शोधून काढलं होतं. डुकराचं मांस, टोफू, भिजवलेल्या शेवया, गाजर. त्यात लसूण आणि मासळीचा खार घातला की व्हिएतनाम, नाही घातला की पितर. म्हणून एकदाच सगळं कालवून दोन सारख्या पराती भरल्या होत्या, बाजारातून जोडीने आणलेल्या. एकीत सेनने दोन मुठी ठेचलेला लसूण आणि खार घातला. दुसरी बुनीमच्या पुढ्यात.

दहाच्या सुमाराला ग्वांसूची गाडी फाटकात येऊन थांबली. सोलहून नऊ तास. ग्वांसू उतरला, आईला वाकून नमस्कार केला आणि आतल्या खोलीत जाऊन आडवा झाला. थोरली सून ह्येसुक मात्र हातात पिशवी घेऊन थेट चटईवर आली. शाळेच्या स्वयंपाकघरात रोज नऊशे मुलांचं जेवण तिच्या नजरेखालून जायचं, त्यामुळे घरचा स्वयंपाक म्हटला की तिला झोप यायची.

"आई, मी यंदा इटलीचं करणार आहे. टोमॅटोच्या रसातल्या शेवया. एकच पातेलं लागतं."

"शेवया तर इथे पण आहेत," थुई म्हणाली. "ताई, तुमच्या इटलीच्या शेवया सोलच्या दुकानात कितीला मिळतात? आमच्या इथे फुकट लसूण मिळतो त्याबरोबर."

"तुझं तोंड बघ! बारा वर्षांपूर्वी आलीस तेव्हा 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलायचीस."

"तेव्हा मला तुम्ही काय बोलता ते कळत नव्हतं ना. कळल्यावर गप्प कोण बसेल?"

थुईचं बोलणं आता या किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांसारखं झालं होतं, शिव्यांसकट. ह्येसुक हसली, पण बुनीमला माहीत होतं, ही सोलची बाजू. डब्यांतलं ताट तिच्याच डोक्यातून निघालेलं. नऊ तास यायचं, नऊ तास जायचं, मधे तळण. तिचंही काही चूक नव्हतं.

तेवढ्यात ह्येसुकचा फोन वाजला. आत्याबाई. बुनीमची नणंद, बुनीमच्या दिवंगत नवऱ्याची थोरली बहीण, वय सत्याऐंशी. तिच्या स्वतःच्या मुलांनी चर्च धरलं आणि पितरांना वाकणं सोडलं, तेव्हापासून ती दरवर्षी माहेरच्या या ताटासमोर येऊन उभी राहायची आणि चुका काढायची. आवाज एवढा मोठा की फोन कानाला लावायची गरज नव्हती.

"ह्येसुक! पोचलात ना? मी तीनच्या बसने येते. हे बघ, पुढच्या वर्षी सोलला करायचं ठरलं तर मी आठ दिवस आधी येईन. तुमच्याकडे काय काय आणता ते मला बघावं लागेल. आणि मागे एक मऊ उशी होती तुझ्याकडे, ती काढून ठेव. सणानंतर पण राहीन थोडी. इथे मला कोण आहे?"

फोन बंद झाला. ह्येसुकने पिशवीतून काढलेला टोमॅटोचा डबा खाली ठेवला.

"आठ दिवस आधी," ती म्हणाली.

"आणि नंतर थोडी," थुई म्हणाली.

"आई," ह्येसुकने बाह्या वर केल्या आणि बुनीमच्या शेजारी येऊन बसली, "मला सांगा. आज या ताटात नेमकं काय काय बिनचूक व्हायला पाहिजे?"

बुनीमने तोंड फिरवून हसू गिळलं. सेनला काय झालं ते कळलं नव्हतं, पण सगळे हसतायत म्हणून तीही हसली, आणि तिला येणाऱ्या अकरा कोरियन शब्दांतला एक म्हणाली, "खा!"

*

बाराच्या आत ल्यूदा आली. पलीकडच्या घरातली भाडेकरीण, शैवालाच्या कारखान्यात कामाला. तिचे पणजोबा याच देशाचे, पण त्यांना कुणीतरी आगगाडीत बसवून पार उझबेकिस्तानच्या माळावर नेऊन सोडलं होतं, आणि चार पिढ्यांनी ही परत आली. चेहरा इथला, बोलणं तिथलं. थुईच्या अगदी उलट. दोघी बाजारात गेल्या की दुकानदार ल्यूदाशी बोलायचा आणि उत्तर थुई द्यायची.

ल्यूदाच्या दोन्ही हातांत एक टोपलं होतं, आणि त्यात केसासारखं बारीक किसलेलं गाजर, लाल तिखटात माखून लोणच्यासारखं मुरवलेलं.

"माझ्या पणजीचं किमची," ती म्हणाली. "तिकडे कोबी नव्हता. गाजर होतं. म्हणून गाजराचं."

"अगं बाई, मिरची! इकडे नको, तिकडे, दाराकडे!" बुनीम ओरडली, आणि सगळ्या एकदम उठल्या. ल्यूदाला जागा करायची म्हणून थुईने पराती उचलल्या, ह्येसुकने मासे सरकवले, सेनने विजेच्या तव्याची वायर सोडवली. कुणीतरी माक्कॉलीची, तांदळाच्या दारूची, बाटली आणली. ल्यूदा पहिल्यांदा सणाला आली होती, तिला एक वाटी द्यायला हवीच होती. तिला एकटीला कशी द्यायची म्हणून बाकीच्यांनीही घेतली. मग कामाचा शीण म्हणून दुसरी. तिसरी कशासाठी घेतली ते कुणालाच आठवत नव्हतं.

मग ज्या खाली बसल्या त्या कुठे बसल्या हे कुणी पाहिलं नाही.

ह्येसुक इटलीच्या शेवयांना काटा लावून गोल फिरवायला शिकवत होती आणि ल्यूदाचा काटा दर वेळी रिकामा वर येत होता. सेनने ते बघून जेवणाच्या काड्या घेतल्या आणि एका दमात अर्धं ताट संपवलं. थुई सुरळ्या तळत होती आणि प्रत्येक सुरळीला गावातल्या एकेका माणसाचं नाव देत होती. जाडी निघाली की सरपंच. वाकडी निघाली की सरपंचाची बायको. बुनीम इतकी हसली की तिच्या हातातली टिक्की अंड्यात दोनदा बुडाली. शेवटचं इतकं कधी हसलो होतो ते तिला आठवेना.

पहिल्या टिक्क्या तव्यावर पडल्या तेव्हा तिने सवयीने एक चिमूट खिमा सेनच्या नाकाशी धरला आणि भुवया उंचवल्या. सेनने खोल श्वास घेतला. तिचे डोळे मिटले. मान उभी हलली, एकदा, दोनदा, तीनदा. इतक्या आनंदाने तिने मान आजवर कधी हलवली नव्हती. बुनीमला बरं वाटलं.

दोनपर्यंत एकशे दहा टिक्क्या झाल्या. बुनीमने त्या टोपलीत रचल्या, वर स्वच्छ पंचा घातला.

"मेले भुकेने," ह्येसुक म्हणाली आणि जिवंतांच्या चटईवरून एक सुरळी उचलली. कुर्रकन चावली. चावता चावता थांबली.

"थुई, यात लसूण नाही घातला?"

"दोन मुठी घातलाय. माझ्या आईने माझ्यासमोर घातला."

ह्येसुकने पुन्हा चावलं. नऊशे मुलांचं जेवण बघणारी जीभ होती ती. "नाही. लसूणही नाही, खारही नाही. हे अगदी..." तिने हळूच पितरांच्या टोपलीकडे बघितलं. "अगदी टिक्कीसारखं लागतंय."

थुईने झारा खाली ठेवला.

ल्यूदाने टोपलीवरचा पंचा उचलला आणि वाकून वास घेतला. मग ताठ झाली. "बुनीम आजी," ती म्हणाली, "पितर पळतील."

बुनीमचा हात नाकाकडे गेला आणि तिथेच थांबला. सेन सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. थुईने तिला तिच्या भाषेत दोन वाक्यं सांगितली. सेनने आपले लसणाने माखलेले दोन्ही हात वर धरून बघितले, मग कपाळावर मारून घेतले.

"आता काय?" थुई म्हणाली.

"मांस आणायला पाठव तेशिकला."

"खाटकाचं दुकान बारालाच बंद झालं. आणि तो आत्याबाईंना आणायला बसस्थानकावर गेलाय."

"मग टिक्क्या ठेवायच्याच नाहीत ताटात," ल्यूदा म्हणाली.

"या घरात साठ वर्षं ताटात टिक्क्या आहेत," बुनीम म्हणाली. "त्या नसल्या की वन्संना फाटकातूनच दिसेल."

ह्येसुकने हातातली अर्धी सुरळी बघितली. "पण बरोबर खिमा आहे की आपल्याकडे. इथे आहे. आत." तिने पापडी नखाने सोलली. "काढायचा, थापायचा, अंड्यात बुडवायचा, तळायचा. किती सुरळ्या राहिल्यात?"

"बावन्न."

"चला."

पाच बायका गोल करून बसल्या. तळलेली पापडी खिम्याला अशी चिकटली होती की सोलताना बोटं भाजत होती, आणि निघायची ती तुकड्यांनी. सरपंचाचे तीन तुकडे झाले. ल्यूदाने फुंकर मारली आणि सगळा खिमा ह्येसुकच्या केसांत गेला. थुई हसायला लागली, तिला थांबवता येईना, आणि तिला बघून सेन. बुनीम म्हणत होती, "हसू नका गं, हात चालवा, हात," आणि स्वतः डोळे पुसत होती. दहा सुरळ्या सोलून झाल्या तेव्हा परातीत मूठभर चुरा जमला होता, आणि तो थापला की तव्यावर पडायच्या आधीच पांगत होता.

आणि ओसरीवर काठी वाजली.

"तेशिकने एवढी जोरात गाडी हाकली की माझी हाडं..." आत्याबाई दारात थांबल्या. टोपी, जाकीट, काठी. पाच बायका, परातीत चुरा, ह्येसुकच्या केसांत खिमा. "काय सोलताय?"

"कांदे," थुई म्हणाली.

"कांदे असे कुरकुरतात?"

त्या आत आल्या. वय सत्याऐंशी असलं तरी नाक अजून विशीतलं. थेट पितरांच्या टोपलीपाशी गेल्या, पंचा उचलला, वाकल्या. सरळ झाल्या.

"लसूण," त्या म्हणाल्या.

"आत्या, चूक माझी," ह्येसुक एकदम म्हणाली. "मी मासे सरकवले, परात हलली."

"नाही नाही, पराती मी उचलल्या," थुई म्हणाली.

"मी आले म्हणून उचलल्या," ल्यूदा म्हणाली.

सेनला काही कळलं नाही, पण सगळ्या छातीवर हात ठेवतायत म्हणून तिनेही ठेवला.

आत्याबाईंनी काठी टेकली. "चौघींनी मिळून एक टिक्की बिघडवली? आणि ही कोण? हिचा चेहरा ओळखीचा वाटतो, बोलणं नाही."

"गप्प बसा सगळ्या," बुनीम म्हणाली. तिने हात पुढ्यातल्या अॅप्रनला पुसले. हसणं अजून पूर्ण थांबलं नव्हतं, म्हणून आवाज हलत होता, पण ती बोलली. "वन्सं, मला वास येत नाही. येऊन गेलेल्या तापापासून. दोन वर्षं होतील थंडीत. विहीणबाई माझ्यासाठी हुंगतात. आज मी त्यांच्या नाकाशी लसूण धरला, त्यांना तो आवडला, त्यांनी मान हलवली. त्यांचं काही चुकलं नाही."

आतल्या खोलीचं दार सरकलं. ग्वांसू उभा होता, गालावर उशीच्या रेघा.

"आई? दोन वर्षं?"

"तू फोनवर वास विचारला नाहीस कधी," बुनीम म्हणाली.

आत्याबाई खुर्ची ओढून बसल्या. "म्हणजे गेल्या वर्षी कोण हुंगत होतं? ही तर तेव्हा आली नव्हती."

"कोणीच नाही."

"तरीच कोंबांची भाजी करपट होती. मी वर्षभर दाताला दोष देत होते. दात बदलून घेतले मी, बुनीम!"

थुई खाली बघून फसफसली. ह्येसुकने तिला कोपराने ढोसलं.

"आत्या," ग्वांसू म्हणाला, "म्हणूनच म्हणत होतो. आईला आता हे झेपत नाही. सोलला तयार ताट घेतलं की असले घोळ..."

"थांब." आत्याबाईंनी जिवंतांच्या चटईवरची एक न सोललेली सुरळी उचलली. मोडली. आतल्या खिम्याचा वास घेतला. पुन्हा घेतला. "यात लसूण नाही."

"नाही," बुनीम म्हणाली.

"मासळीचा खार?"

"नाही. टिक्कीचाच खिमा आहे तो."

"वरून काय गुंडाळलंय?"

"तांदूळ," थुई म्हणाली. "तांदळाची पापडी."

"तांदूळ." आत्याबाईंनी सुरळी उजेडात धरली. "ग्वांसू, तू शिकलेला आहेस. लसूण नको, मिरची नको, पीच नको. लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला. सुरळी नको असं कुठे लिहिलंय?"

"कुठेच... नाही लिहिलेलं, आत्या."

"मग सुरळ्या ताटात. तळणाच्या रांगेत. टिक्क्या बाहेर."

कुणीच हललं नाही.

"बहिऱ्या झालात का? टिक्क्यांत लसूण आहे, त्या बाहेर. यांत नाही, या आत. नियम म्हणजे नियम. आणि उरलेल्या सोलू नका आता, पितरांसमोर सगळं सोंग उघडं पडेल."

"आणि सोलचं?" ग्वांसूने विचारलं.

"तुझ्या त्या डब्यातल्या टिक्कीत लसूण निघाला तर मी कुणाला बोलू? डब्याला?" त्यांनी टोपली पुढ्यात ओढली, लसणाची टिक्की उचलली आणि अर्धी एका घासात खाल्ली. "खमंग झालीय. ही पितरांना चालत नाही. मला चालते, मी अजून आहे." मग ल्यूदाच्या टोपल्याकडे काठी केली. "ते लाल काय आहे?"

"गाजराचं किमची," ल्यूदा म्हणाली. "कोबी नव्हता म्हणून."

"कोबी नव्हता. हं." आत्याबाईंनी दोन घास खाल्ले. तिसरा घेतला. चौथ्यानंतर टोपलं मांडीजवळ ओढून घेतलं आणि ते परत दिलं नाही. "हे पण ताटात नाही. पण टोपलं इथेच राहू दे."

मग त्यांनी सेनकडे बघितलं. एक विहीण दुसऱ्या विहिणीच्या नणंदेकडे जशी बघेल तशी सेन ताठ बसली.

"या कधी जाणार?"

थुईने विचारलं. सेनने सहा बोटं दाखवली.

"आणि पुढच्या वर्षी कोण हुंगणार?"

बुनीमने टोपलीवरचा पंचा घडी केला. मग उलगडून पुन्हा घडी केला.

"मी हुंगेन," ह्येसुक म्हणाली.

ग्वांसूने मान वळवली. "तू?"

"दोन दिवस आधी येईन. नऊ तास तर नऊ तास." ती केसांतला खिमा काढत होती. "आठ दिवस आणि वर थोडे, त्यापेक्षा... म्हणजे आईंना मदत होईल. फक्त माझ्या शेवयांना कुणी नावं ठेवायची नाहीत."

"सोलचं नाक," आत्याबाई म्हणाल्या. "शिकवावं लागेल."

सेनला थुईने सांगितलं. सेन उठली, ह्येसुकसमोर येऊन बसली, आणि तिच्या नाकाच्या शेंड्याला बोट लावलं. मग भुवया उंचवून दाखवल्या. उभी मान. आडवी मान. ह्येसुकने चुकून दोन्ही एकदम हलवल्या आणि सगळी खोली पुन्हा हसत सुटली, या वेळी आत्याबाईंसकट, तोंडात गाजर होतं तरी.

*

सकाळी सेनने सुरळ्या पुन्हा एकदा तेलातून काढल्या. चाळीस भरल्या, एक ल्यूदाने खाल्ल्याचं कुणी बोललं नाही. ग्वांसूने ताटामागे उभ्या करायच्या कागदावर वडिलांचं नाव लिहिलं. भाताच्या वाट्या, सोंगप्यॉन म्हणजे तांदळाच्या उकडलेल्या करंज्या, मासे, फळं, आणि तळणाच्या रांगेत मधोमध कुरकुरीत सुरळ्यांचा ढीग. सूप आणताना बुनीम थांबली, भुवया उंचवल्या. सेनने हुंगलं. ह्येसुकने हुंगलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं, मग दोघींची मान उभी हलली.

सगळे दोनदा वाकले. मग या घराच्या रीतीप्रमाणे दार लोटून घेतलं आणि सगळे ओसरीवर पाठ करून उभे राहिले, पितरांना निवांत जेवता यावं म्हणून. वळचण मोकळी होती, एकही माळ नव्हती. साठ वर्षं बुनीम अशी उभी राहिली होती आणि साठ वर्षं आतून काहीच ऐकू आलं नव्हतं. टिक्क्यांचा आवाज होत नाही.

आतून आवाज आला. कुर्र.

तेशिकने आईचा हात धरला. ग्वांसू कुजबुजला, "ढीग खाली बसला असेल. गरम होत्या ना."

पुन्हा, जरा हळू. कुर्र.

थुईने तोंडावर हात दाबला. ह्येसुकचे खांदे हलायला लागले. सेनने डोळे मोठे करून मुलीकडे बघितलं. बुनीमला हसू येत होतं आणि दुसरंही काही येत होतं, आणि ती पाठ फिरवून समोरच्या रिकाम्या वळचणीकडे बघत राहिली.

आत्याबाईंनी दाराकडे कान केला. बराच वेळ ऐकलं. मग काठी टेकली.

"बुनीम," त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी थोड्या जास्त कर."